बत्तीस संघ, अकरा गावदेवी

बत्तीस संघांची स्पर्धा असली की त्यात अकरा तरी गावदेवी निघायच्या. चार-पाच जय हनुमान, दोन-तीन शिवशक्ती, एखादा ओम साई, आणि अर्जावर नाव लिहायला विसरलेला एखादा संघ असला तर विचारल्यावर तोही गावदेवीच. पनवेल-उरणच्या पट्ट्यात गाव तिथे गावदेवी आणि गावदेवी तिथे क्रिकेटचा संघ. देवीला सोडून संघाला दुसरं नाव द्यावं असं कुणाच्या मनात येत नाही, आणि आलं तरी ते बोलायची छाती होत नाही. पहिला नारळ तिच्यापुढे फुटतो आणि हरल्यावर पहिलं गाऱ्हाणंही तिच्याकडेच जातं.

या सगळ्या गावदेवी माइकवरून वेगवेगळ्या उभ्या करायच्या, हे माझं तीस वर्षांचं काम. लोक मला कॉमेंट्रीवाले मास्तर म्हणायचे. मी कधी कुणाला शिकवलं नाही, स्वतः मॅट्रिकला दोनदा अडखळलो, पण माइक हातात असलेल्या माणसाला काहीतरी पदवी दिल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही.

ज्यांनी आमच्याकडचं टेनिस क्रिकेट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भातकापणी झाली की शेतात रोलर फिरतो, चुन्याची गोल रेघ पडते आणि मैदान तयार होतं. टेनिसचा चेंडू, पाच षटकांचा सामना, दिवसाला आठ-नऊ सामने, अशी तीन-चार दिवसांची स्पर्धा. मालिकावीराला मोटरसायकल असते. ती पहिल्या दिवसापासून हार घालून स्टेजसमोर उभी करतात आणि येणारा-जाणारा तिच्या सीटवर हात फिरवून जातो. हा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो तो मे महिन्यापर्यंत. पावसाळ्यात मी द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या फाटकावर बसून ट्रकांचे नंबर लिहायचो. तिथे बोलण्यासारखं काही नसे. ते चार महिने मला उरलेल्या आठांपेक्षा लांब वाटायचे.

समालोचक बांबूच्या स्टेजवर बसतो. खेळाडू लांब, धूळ उडालेली, टी-शर्ट सगळ्यांचे सारखे आणि पाठीवर कुठल्या तरी बिल्डरची जाहिरात. कोण खेळतंय हे मी सांगेन तेवढंच लोकांना कळायचं. आणि लोक म्हणजे काही मैदानावर बसलेलेच नव्हेत. भोंगा गावभर ऐकू जायचा. घरात भाकऱ्या थापणाऱ्या बायासुद्धा माझ्या आवाजावरून सामना बघायच्या. आपल्या पोराचं नाव आलं की तव्यावरची भाकरी करपायची, असं मला कितीतरी जणींनी सांगितलंय. दिवसभर हजार माणसांशी बोलायचं आणि त्यातल्या एकानेही उलट बोलायचं नाही, असा हा धंदा आहे.

माझं लग्न झालं नाही. मुलगी बघायचा कार्यक्रम रविवारी आणि रविवारीच माझी फायनल. दोन-तीन रविवार असे गेल्यावर मुलीकडच्यांनी निरोप धाडायचं बंद केलं. हे कारण मी हसत सांगतो. खरं असं की थोरल्या भावाच्या घरात मला काही कमी नव्हतं. काशिनाथदादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आई-वडील लवकर गेले, त्यानंतर मला वाढवला त्यानेच. मी कितीही उशिरा घरी आलो तरी वहिनीने ताट झाकून ठेवलेलं असे आणि दादा ओटीवर बसून विचारी, "बाल्या, कोन जिकला?" सगळं भोंग्यावर ऐकलेलं असायचं, तरी विचारायचा. मग मी त्याला सबंध फायनल पुन्हा सांगायचो. माझी सगळ्यात चांगली कॉमेंट्री त्या ओटीवर झाली.

आता नावांच्या भानगडी. सुरुवातीच्या दिवसांत एकदा दोन जय हनुमान एकाच स्पर्धेत होते. दोघांचेही टी-शर्ट पिवळे. मी माइकवरून पुकारलं, "जय हनुमान, तुमचा सामना लागलेला आहे, त्वरित मैदानात या." एक जय हनुमान आले, टॉस जिंकले, सामना जिंकले, गुलाल उडवून मोकळे झाले. मग वडापावच्या गाडीवरून दुसरे जय हनुमान आले आणि म्हणाले, "आमचा नंबर कधी?" ज्यांचा सामना होता ते हे. जे खेळले त्यांचा होता दुसऱ्या दिवशी. आणि जे हरले होते ते म्हणाले, आम्ही हरलोच नाही, ज्यांच्याशी हरायचं होतं ते आलेच कुठे? स्टंप उपटले गेले. स्टंप उपटले गेले की समालोचकाने माइक बंद करून स्टेजच्या मागच्या बाजूने उतरायचं असतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

माणसं चुकतात त्याहून गावं जास्त चुकतात. बेलपाडा एक खारघरात आणि एक उरणकडे. एका वर्षी खारघरच्या बेलपाड्यात गावदेवी चषकाची फायनल होती. पाहुणे यायचे होते, त्यांच्या हस्ते बक्षीस. पाच वाजले, सहा वाजले, पाहुण्यांचा पत्ता नाही. मी माइकवर पाहुण्यांच्या सामाजिक कार्याची माहिती तिसऱ्यांदा सांगत होतो. शेवटी फोन लागला. पाहुणे म्हणाले, "अहो, मी बक्षीस देऊन निघालोसुद्धा!" ड्रायव्हरने त्यांना उरणच्या बेलपाड्यात नेलं होतं. तिथेही त्याच रविवारी गावदेवी चषक चालू होता. त्यांचा स्वतःचा पाहुणा आलाच नव्हता, त्यामुळे आयता आलेला पाहुणा बघून त्यांनी काही विचारलं नाही. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषण झालं, चषक देऊन झाला. आम्ही मग मैदानाला चुना मारणाऱ्या म्हाताऱ्याच्या हस्ते चषक दिला. त्याने भाषण केलं नाही, हे सगळ्यांना फार आवडलं.

जय हनुमानांच्या त्या मारामारीनंतर मी एक पद्धत काढली. एकसारख्या नावाच्या प्रत्येक संघाला एक शेपटी लावायची. गावदेवी पिंपळ, गावदेवी बंधारा, गावदेवी उतार. त्या गावात शिरताना डोळ्याला पहिलं काय दिसतं ते विचारायचं आणि तेच नावाला जोडायचं. संघांना शेपट्या आवडल्या. पुढे टी-शर्टावर छापल्या गेल्या, लग्नपत्रिकेत आल्या. एका गावात तर तो बंधारा वाहून गेला, तरी संघ अजून गावदेवी बंधाराच आहे.

शेपटीचा नियम मात्र मी कडक पाळायचो. डोळ्याला दिसतं तेच जोडायचं, मोठा-लहान, वरचा-खालचा असलं काही नाही. एकदा सहज बोलण्यात मी एका संघाला 'खालचा पाडा' म्हणालो होतो. गाव खरोखर उतारावर होतं. पण त्या लोकांनी चहाची किटली परत पाठवली आणि दोन टेम्पो भरून निघून गेले. त्यांना आणायला मी स्वतः त्यांच्या गावी गेलो, देवळात बसलो, चूक झाली म्हणालो, तेव्हा पुढच्या वर्षी आले. माणसाला उतारावरचा म्हटलेलं चालतं, खालचा म्हटलेलं चालत नाही. एवढी अक्कल येऊनही पुढे मी जे केलं ते माझ्या स्वतःच्या गावाच्या बाबतीत केलं.

माझं गाव करंजखार. खाडीकाठचं, शंभर-सव्वाशे घरांचं, निम्मे मिठागरावर राबलेले आणि निम्मे भातशेतीतले. विमानतळाच्या जागेत ते गेलं. आता तिथे धावपट्टी आहे. गाव उठलं तेव्हा काही घरांना वडघरच्या बाजूला प्लॉट मिळाले आणि काहींना उलव्याच्या बाजूला. कोणी कुठे जायचं याची थोडीफार मुभा होती. दादाने उलव्याची बाजू घेतली. खाडी जवळ, वहिनीचं माहेर जवळ, त्याचं काही चूक नव्हतं. पण त्याने मला विचारून ठरवलं नाही, ठरवून मग विचारलं. म्हणाला, "तुला एक खोली ठेवतो, चल." मला राग आला. मी म्हणालो, माझं माझं बघतो. माझा वाटा त्याने चोख दिला आणि मी कामोठ्याला चौथ्या मजल्यावर एक खोली-किचन घेतलं. समोर ट्यूशन क्लास. संध्याकाळी तिथली मुलं एका सुरात इंग्रजी निबंध पाठ म्हणतात, तेवढीच घरात माणसांची चाहूल.

खरं तर तेव्हाच जायला हवं होतं त्याच्याबरोबर. पण हे आता लिहायला सोपं आहे.

देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला जुना पाषाण, वडघरच्या बाजूला गेला. उलवेकरांनी नवं देऊळ बांधलं, नवी मूर्ती बसवली. दोन्हीकडे गावदेवीच. दोन्हीकडे पोरं खेळणारी. दोन वर्षांतच एका स्पर्धेत दोन अर्ज आले, दोन्हींवर नाव एकच, गावदेवी करंजखार. स्पर्धेचा नियम होता 'एक गाव, एक संघ'. बाहेरून खेळाडू विकत आणू नयेत म्हणून आमच्याकडे हा नियम असतो, आणि त्यासाठी प्रत्येकाचं आधार कार्ड तपासतात. कमिटीवाले गोंधळले. म्हणाले, मास्तर, तुमचंच गाव, तुम्हीच सांगा. मी म्हणालो, खेळू द्या दोघांना, मी शेपट्या लावतो. उदार मनाने म्हणालो असं मला तेव्हा वाटलं.

उलव्याच्या संघाचा सामना सुरू होता. दादा सीमारेषेजवळ खुर्ची टाकून बसला होता. तरुणपणी तो या संघाचा यष्टिरक्षक, संघ उभा केला तोच त्याने, पहिला नारळ अजून तोच फोडायचा. सकाळपासून त्याने एकदाही स्टेजकडे पाहिलं नव्हतं. वहिनीने डबा पाठवला होता, पण तो एका पोराच्या हाती आला. मी डबा उघडला नाही. आणि माइकवर माझ्या तोंडून निघालं, "प्रेक्षकहो, आज आपल्यासमोर दोन करंजखार आहेत. देवीचा पाषाण जिथे आहे ती मूळ करंजखार. आणि सध्या मैदानात आहे ती नवी करंजखार."

खाडी म्हणता आलं असतं. पूल म्हणता आलं असतं. उलव्याच्या देवळाला निळा कळस आहे, निळा कळस म्हणता आलं असतं. या सगळ्या शेपट्या माझ्याकडे तयार होत्या. मी 'मूळ' म्हणालो, कारण मला दादाला लागेल असं काहीतरी बोलायचं होतं आणि माझ्या हातात माइक होता.

षटक पुरं व्हायच्या आत उलव्याची पोरं मैदानातून बाहेर आली. दादा स्टेजवर चढला. पायरी नव्हती, बांबूला धरून चढला, पासष्टीला आलेला माणूस. माइक चालूच होता. तो म्हणाला, "काय रं बाल्या, आमी उपरं हाव? तुला मांडीवर घेऊन ज्यानं निजवला त्याचा करंजखार खोटा, आन् वडघरचा खरा?" मी माइक बंद करायला हात नेला. पण त्याआधीच दादा म्हणाला, "आजपासून तुजा माजा संबंध नाय." हे सगळं भोंग्यावरून तीन गावांनी ऐकलं.

पुढची पाच वर्षं दादा माझ्याशी बोलला नाही. मी उलव्याला दोनदा गेलो. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा वहिनी दारात आली, रडली, आणि म्हणाली, "भावजी, आता नका येऊ, त्यांचा बीपी वाडतो." गावात तर त्याहून वाईट झालं. वडघरच्या पोरांनी 'मूळ करंजखार' टी-शर्टावर छापून घेतलं. चैत्रात देवीच्या पालख्या दोन निघायला लागल्या, दोन वेगळ्या दिवशी. सख्खे चुलत भाऊ एकमेकांच्या हळदीला जाईनात. मी माइकवरून 'मूळ' म्हणायचं बंद केलं, तर खालून पोरं ओरडायची, "मूळ बोला मास्तर, मूळ!" मीच लावलेली शेपटी मला उपटता येईना.

मध्यंतरी माझा आवाजही जुना झाला. आता सामने मोबाइलवर थेट दिसतात, समालोचक पोरं अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी बोलतात, प्रत्येक चौकाराला किंचाळतात. कमिटीने मला मानाने माइकवरून उठवलं आणि नोंदणीच्या टेबलावर बसवलं. अर्ज घ्यायचे, आधार कार्डं तपासायची, यादीवर शिक्का मारायचा. गेल्या हंगामात माझ्या टेबलासमोर दोन कर्णधार एकामागोमाग उभे राहिले. वडघरचा मंगेश आणि उलव्याचा रोशन. दोघेही पंचविशीच्या आतबाहेर. एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

मी दोन्ही अर्ज वाचले आणि दोन्ही परत दिले. "नियम वाचा. एक गाव, एक संघ."

मंगेश चकित झाला. "मास्तर, पाच वरसं खेळतोय आमी. तुमीच तर नाव दिलं आमाला!"

"चुकलं माझं. आता दुरुस्त करतोय."

रोशनने कार्डं टेबलावर आपटली. "आमची कार्डं बघा. सगळी एका पत्त्यावरची हायत."

मी पाहिली. उलव्याच्या कार्डांवर उलवे, वडघरच्या कार्डांवर वडघर. तीस कार्डांत एकावरही करंजखार हा शब्द नव्हता. मी दोघांना ते दाखवलं. म्हणालो, कार्डावर चालायचं तर तुमच्यातला एकही करंजखारचा नाही, दोन्ही संघ बाद. दोघांनी कार्डं उलटसुलट करून पाहिली. ते माझ्याही तेव्हाच लक्षात आलं होतं. माझ्या कार्डावर कामोठे आहे.

"मग पुरावा काय आनायचा?" रोशनने विचारलं.

आमच्या जुन्या गावात घरांना नंबर नव्हते. पत्ता सांगायचा तो 'पाठीला कोण' असा. अमक्याचं घर, पाठीला तमका. पोस्टमन, वरातीतले पाहुणे, सगळे याच पत्त्यावर पोचायचे. मी रोशनला विचारलं, "तुझं घर कुठलं? पाठीला कोण?"

 तो मंगेशकडे न बघता म्हणाला, "पाठीला यांचंच. मधी एकच भिंत होती."

"ओल यायची त्या भिंतीतून," मंगेश म्हणाला. "यांची मोरी होती पलीकडं."

"मोरी तुमची होती."

"तुमची होती, रे!"

मोरी कुणाची यावर दोघे चांगले पाच मिनिटं भांडले. पाच वर्षांत ते एकमेकांशी बोलत होते ते हे पहिलं. मी मध्ये पडलो नाही. शेवटी म्हणालो, अर्जाची मुदत उद्या संध्याकाळपर्यंत आहे, एक अर्ज आणा. दोघेही मला शिव्या घालत निघून गेले.

पुढचं मला मागून कळलं. त्याच संध्याकाळी दोन्हीकडची माणसं उलव्याच्या देवळात जमली. पाच वर्षांत पहिली एकत्र बैठक, आणि विषय एकच, मास्तरला टेबलावरून कसा हाकलायचा. सगळ्यांचं एकमत झालं. मी गावाचं वाटोळं केलं यावर वडघर आणि उलवे यांच्यात तसूभर फरक नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मिळून कमिटीकडे तक्रार घेऊन गेले. कमिटी म्हणाली, तक्रार नंतर बघू, आज मुदत संपते, नियम तर लिहिलेलाच आहे. तेव्हा दुसरा इलाज उरला नाही.

अर्ज घेऊन दादा स्वतः आला. केस सगळे पांढरे झाले होते, चालताना डावा पाय ओढत होता. मी उभा राहिलो. त्याने कागद टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "वाच."

पंधरा नावं होती. आठ वडघरची, सात उलव्याची. कर्णधार मंगेश, उपकर्णधार रोशन. व्यवस्थापक म्हणून दादाची सही. वर संघाचं नाव, गावदेवी करंजखार. मी शिक्का मारला.

"आता शेपटी लावू नको," दादा म्हणाला आणि वळला. मी "दादा" म्हणालो ते त्याला ऐकू गेलं असावं. तो थांबला नाही.

संघ दुसऱ्याच फेरीत हरला. दोन्हीकडच्या पोरांना एकमेकांबरोबर धावायची सवय राहिलेली नव्हती, एकाच षटकात तिघे धावचीत झाले. पण हरल्यावर सगळे एकाच टेम्पोत बसून गेले, हे मी टेबलावरून पाहिलं. कमिटीने नंतर मला येऊ नका असं सांगितलं नाही, फक्त बोलावलं नाही. मीही विचारायला गेलो नाही. माझी निवृत्ती झाली ती अशी, हार-तुऱ्याशिवाय. माझ्या कामाची मी कधी बढाई मारली नाही असं नाही, भरपूर मारली. पण त्या दोन परत केलेल्या अर्जांइतकं चांगलं काम मी माइकवरून कधी केलं नव्हतं, आणि त्याचं बक्षीस म्हणून सबंध गावाने मला वाळीत टाकलं. रोज संध्याकाळी समोरचे निबंध ऐकत मी हाच विचार करायचो की सौदा वाईट झाला नाही. रोज करायचो, म्हणजे पटत नसणार.

चैत्रात एक दिवस वहिनीचा फोन आला. पाच वर्षांत पहिलाच. म्हणाली, "भावजी, शनवारी घरी ऱ्हा. कुठं जाऊ नका."

"का, वहिनी?"

"ऱ्हा म्हनलं ना." फोन बंद.

शनिवारी मी सकाळी सहालाच उठलो. घर धुऊन काढलं, दोरीवरचे कपडे काढले, नारळ आणून ठेवला. देवीची पालखी गावातल्या प्रत्येक घरी थांबते अशी आमची रीत आहे. यंदा पालखी एकच निघणार आणि दोन्ही वस्त्यांमधून फिरणार एवढं कानावर आलं होतं. पण कामोठे हे काही करंजखार नव्हे. मी मनाला तसं बजावत होतो आणि दर दहा मिनिटांनी गॅलरीत जाऊन बघत होतो. दुपार झाली, जेवलो नाही. चार वाजता लांबून खालुबाजा ऐकू आला. आमच्या गावचा ताल मला झोपेतही ओळखता येतो. आवाज जवळ आला आणि मग पुढे सरकेनासा झाला. मी दार उघडून जिन्यात उभा राहिलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी वर आलं नाही. बाजा मात्र कुठेतरी एकाच जागी वाजत होता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या इमारतीचं नाव शिवकृपा. कामोठ्यात शिवकृपा तीन आहेत. दादा माझ्या घरी कधी आलेलाच नव्हता, गावातलंही कुणी आलेलं नव्हतं. मग कुणाला काय माहीत असणार?

मी तसाच, घरातल्या बनियन-लेंग्यावर, आवाजाच्या रोखाने खाली धावलो. जुन्या कामोठे गावाच्या मागच्या शिवकृपापुढे टेम्पो उभा होता, त्यात फुलांनी मढवलेली पालखी. मंगेश आणि रोशन दोन बाजूंनी ती धरून बसले होते. वहिनी फोन कानाला लावून होती. माझा फोन वर टेबलावर राहिला होता. वॉचमन हात हलवून सांगत होता, "ऐसा कोई आदमी इधर नहीं रहता." आणि दादा, कपाळाला गुलाल, मान वर करून, दोन्ही हात तोंडाशी धरून त्या परक्या इमारतीच्या चौथ्या मजल्याकडे हाका मारत होता.

"बाल्याऽऽ! अरं बाल्याऽऽ!"

गॅलऱ्यांमधून अनोळखी बाया डोकावून बघत होत्या. बाजेवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. दादाने मान दुसऱ्या विंगकडे वळवली.

मी त्याच्या पाठीमागे वीस पावलांवर, रिक्षाच्या आडोशाला उभा होतो. तीस वर्षं मी हजारो लोकांची नावं पुकारली. माझं नाव असं कुणी मोठ्याने घेतल्याला पाच वर्षं झाली होती. मी लगेच ओ दिली नाही. दादाने छाती भरून घेतली, अजून एकदा हाक मारली. ती मी पुरी ऐकून घेतली आणि मग पुढे झालो.